एकाच कुंपणाच्या आत: म्हातारपणाचं घर आणि सेवेचं घर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏

*गुरुवारचा सत्संग-संदेश, गोरवा परिवार*



गेल्या काही महिन्यांत आपल्या कौटुंबिक ग्रुपवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे. कोणी कॅनडातून विचारतं, कोणी पुण्याहून, कोणी इथूनच, इलोरा पार्कातून. "आई-बाबांना ज्येष्ठांच्या संकुलात ठेवलं तर गुरुमार्गात ते चालतं का? की ते पाप आहे?" प्रश्न विचारणाऱ्याच्या मनाला खूप टोचणी असते, हे आम्हाला कळतं. म्हणून आज या विषयावर जरा निवांत बोलूया. घाईत वाचू नका, जेवणं झाल्यावर घरात सगळ्यांसमोर वाचा.

आधी आपल्या गोरव्याकडेच बघा. अलेंबिक १९०७ सालची. पुढे रिफायनरी, आयपीसीएल, फर्टिलायझर आणि बीआयडीसीतले लहान-मोठे कारखाने आले. त्या नोकऱ्यांसाठी आपल्या आधीच्या पिढीने इथे घरं केली, सोसायट्या उभ्या केल्या. सयाजीरावांच्या काळापासून दांडिया बाजार, रावपुऱ्यात असलेली मराठी घरं हळूहळू इकडे सरकली. आज त्याच सोसायट्यांत संध्याकाळी बाकड्यावर कोण बसलेलं असतं? निवृत्त माणसं. मुलं शिकली, मोठी झाली, लांब गेली. यात मुलांचा दोष नाही आणि आई-वडिलांचाही नाही. आपणच त्यांना शिका, पुढे जा म्हटलं, आणि ती गेली.

पण बाकड्यावर बसता येतं तोपर्यंत ठीक आहे. पुढे काय? गुजरातीत ज्याला 'घरडाघर' म्हणतात, तो शब्द आपल्या घरात अजून दबक्या आवाजात बोलला जातो. जणू तो शब्द उच्चारला की कोणीतरी कोणाला टाकून दिलं. म्हणून घरात त्यावर बोलणं होत नाही. मग एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि पंधरा दिवसांत सगळे निर्णय घाईघाईने घ्यावे लागतात. हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसून फोनवर घेतलेले निर्णय क्वचितच शांत मनाचे असतात.

*श्रीगुरूंनी स्वतः काय केलं?*

श्रीगुरुचरित्राचं पारायण आपल्याकडे घरोघरी होतं. पाचवा अध्याय आठवा. पीठापूरला श्रीपाद श्रीवल्लभांचं वय सोळा. आई-वडील लग्नाचं म्हणतात, आणि महाराजांना तर तपाला निघायचंय. माता सुमतीच्या डोळ्यांना धार लागली. घरात थोरले दोन मुलगे, एक पांगळा, एक आंधळा. आमच्याकडे कोण बघणार, हीच त्या आईची चिंता. तेव्हा महाराजांनी त्या दोघा भावांवर कृपादृष्टी टाकली, एकाला पाय आले, एकाला डोळे आले. मग त्यांना आई-वडिलांची सेवा नेमून दिली आणि नंतरच ते घराबाहेर पडले.

हा चमत्कार म्हणून आपण ऐकतो आणि हात जोडतो. पण त्यातली व्यवस्था बघितली का? प्रत्यक्ष दत्तप्रभू, तेही आई-वडिलांची सोय लावल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाहीत. पुढच्या अवतारात कारंज्याला श्रीनृसिंहसरस्वतींनीही तेच केलं. धाकटी भावंडं जन्माला येईपर्यंत ते आईजवळ थांबले.

म्हणजे गुरुमार्गाने असं सांगितलेलं नाही की मुलाने कधी लांब जाऊच नये. *सोय न लावता जाऊ नये*, हे सांगितलं आहे. लांब राहणं हे पाप नाही. आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणं हे पाप आहे, मग ते लांब राहून सोडलेलं असो की त्याच घरात शेजारच्या खोलीत.

*राजवाड्यातली पंधरा वर्षं*

शेजारच्या खोलीचं म्हटलं, म्हणून महाभारतातलं आश्रमवासिक पर्व आठवलं. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षं युधिष्ठिराच्या राजवाड्यात राहिले. सेवक होते, अन्न होतं, मान होता. काही कमी नव्हतं. पण भीम त्यांच्या कानावर पडेल असं टोचून बोलायचा. शेवटी ते वनात निघाले. सगळ्या सुखसोयींवर एका टोमण्याने पाणी पडलं.

तेव्हा "आम्ही त्यांना घरीच ठेवलंय" एवढ्यावर समाधान मानू नका. घरी कसं ठेवलंय? दिवसातून किती वेळा त्यांच्याशी कोणी बोलतं? औषधाचा खर्च त्यांच्यासमोर किती वेळा मोजला जातो? हे स्वतःला विचारायचं, दुसऱ्याला नाही.

आणि आता त्या पर्वातलं पुढचं दृश्य बघा. वनाकडे निघालेली ती तीन माणसं. सगळ्यात पुढे कुंती. तिच्या खांद्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेल्या गांधारीचा हात. गांधारीच्या खांद्यावर आंधळ्या धृतराष्ट्राचा हात. कुंतीला तिच्या मुलांनी किती विनवलं, पण ती थांबली नाही. ती स्वतःही म्हातारीच होती. तरी तिचे डोळे शाबूत होते, पाय चालत होते, म्हणून तिने पुढची जागा घेतली.

आमच्या मते आजच्या आपल्या विषयाचं सगळं सार या एका ओळीत उभ्या असलेल्या तिघांत आहे. *धडधाकट म्हातारपण आणि परावलंबी म्हातारपण एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालावीत.*

*एकाच आवारात म्हणजे नेमकं काय?*

आता व्यवहाराचं बोलू. ज्येष्ठांसाठी आपल्याकडे साधारण दोन प्रकारच्या जागा असतात. एक, निवृत्तांची संकुलं, म्हणजे स्वतंत्र फ्लॅट, बाग, जेवणघर, भजनाचा हॉल. हिंडती-फिरती माणसं तिथे मजेत राहतात. दुसरी, शुश्रूषा केंद्रं, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. अडचण होते ती या दोन्हींच्या मधे.

असं जोडपं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. दोघं मिळून संकुलात राहायला गेली. चार वर्षं छान गेली. मग काकूंना पक्षाघात झाला, किंवा काकांना विसरायला होऊ लागलं. संकुल म्हणतं, अंथरुणावरचा माणूस आमच्याकडे ठेवता येत नाही. मग एक इथे, एक शहराच्या दुसऱ्या टोकाला. पन्नास वर्षांचा संसार आणि भेट आठवड्यातून दोनदा, तीही रिक्षाने. ज्या वयात एकमेकांचा हात सर्वांत जास्त लागतो, त्याच वयात तो सुटतो.

म्हणून जगभरात एकाच आवारात दोन्ही सोयी करण्याचा विचार पुढे आला. एका बाजूला स्वतंत्र घरं, मधे थोडी मदत लागणाऱ्यांच्या खोल्या, आणि त्याच कुंपणात चोवीस तास शुश्रूषेचा विभाग. माणसाची तब्येत बदलली तर खोली बदलते. पत्ता, शेजारी, देऊळ आणि जोडीदार तेच राहतात. काकूंना शुश्रूषा विभागात हलवलं तरी काका सकाळचा चहा घेऊन शंभर पावलांत तिथे पोचतात.

आपल्याकडेही हे नवीन नाही. माथेरानच्या पायथ्याशी नेरळला डिग्निटी फाउंडेशनच्या संकुलात ज्येष्ठांची स्वतंत्र घरं आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांची देखभाल एकाच आवारात आणली गेली. पुण्यात 'अथश्री'मुळे ज्येष्ठांच्या संकुलात राहणं ही मध्यमवर्गीय मराठी घरांत उघडपणे बोलायची गोष्ट झाली. हॉलंडमध्ये वेस्प गावी होगेवेक नावाची वस्ती आहे. तिथे स्मृतिभ्रंश झालेली माणसं साध्या घरांत राहतात, दुकानात जातात, अंगणात हिंडतात, आणि सांभाळणारी माणसं त्यांच्यातच वावरतात.

*पण कुंपण एक झालं म्हणजे मनं एक होतात का?*

नाही. आणि इथेच साधकाची परीक्षा आहे.

अशा संकुलांत एक गोष्ट हमखास घडते. हिंडती-फिरती मंडळी शुश्रूषा विभागाकडे फिरकत नाहीत. जेवणघरात व्हीलचेअर आली की बाजूची खुर्ची रिकामी होते. "आमच्या पंगतीत नको, मन उदास होतं," असंही कोणी म्हणतं. राग येऊ देऊ नका, ही भीती आहे. त्या व्हीलचेअरमध्ये माणसाला आपला उद्या दिसतो, आणि तो बघवत नाही.

पण गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. त्यांत गुरुसेवा आहे आणि त्याच यादीत जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांच्याकडे डोळे उघडून पाहणंही आहे. माऊलींनी तर या लक्षणांवर किती विस्ताराने लिहिलं! म्हणजे जो म्हातारपणापासून तोंड फिरवतो, त्याचं ज्ञान अजून अर्धं आहे. रोज अर्धा तास एखाद्या अंथरुणावरच्या आजींना पोथी वाचून दाखवणं, हे तीर्थयात्रेपेक्षा कमी आहे असं आम्हाला वाटत नाही. पुंडलिकाकडे पांडुरंग आले तेव्हा तो आई-वडिलांच्या पायाशी होता. देवाला विटेवर थांबायला लागलं, आणि देव थांबला!

दुसरी गोष्ट, सेवा करणाऱ्या आयाबाई आणि वॉर्डबॉय. आपल्या आईची अंघोळ, कपडे, शौच सगळं त्या करतात. त्यांना नावाने हाक मारा. त्यांचा पगार वेळेवर होतो का, रात्रपाळीनंतर झोप मिळते का, सुट्टी मिळते का, हे विचारा. थकलेल्या हातांतून मायेची सेवा कशी येईल?

*सही करण्याआधी हे विचाराच*

श्रद्धा असावी, पण कागद वाचावेत. आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही हे सांगतो:

🔸 माणूस अंथरुणाला खिळला तर काय, हे करारात लिहिलं आहे का? "बघू तेव्हा" हे उत्तर चालणार नाही.
🔸 रात्री दोन वाजता घंटा वाजवली तर नेमकं कोण येतं? शिकलेली नर्स की पहारेकरी?
🔸 दोघांपैकी एक गेलं तर मागे राहिलेल्याला तीच जागा राहते का?
🔸 अनामत रक्कम परत कधी आणि किती मिळते? फ्लॅट मालकीचा की फक्त राहण्याचा हक्क? मासिक खर्च दरवर्षी किती वाढू शकतो?
🔸 लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का? संडासाचं दार बाहेर उघडतं का? फरशी ओली झाल्यावर घसरते का? केंद्र सरकारने २०१९ साली निवृत्तांच्या घरांसाठी मार्गदर्शक नियमावली काढली आहे, तिच्याशी ताडून बघा.
🔸 जवळचं मोठं हॉस्पिटल किती मिनिटांवर? दुपारच्या रहदारीत स्वतः जाऊन बघा.

आणि एक हिशोब. ७० वर्षांच्या आणि त्यापुढच्या ज्येष्ठांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे हॉस्पिटलचे उपचार मिळतात, कार्ड काढून ठेवा. पण हॉस्पिटलमधून घरी आल्यावर महिनोन् महिने जी आया लागते, डायपर लागतात, फिजिओथेरपी लागते, तो खर्च आपलाच असतो. खरा भार तो आहे. त्याची तरतूद हातपाय चालतात तेव्हाच करायची.

वडीलधाऱ्यांनाही एक हात जोडून विनंती. प्रेमापोटी सगळं घर मुलांच्या नावावर आजच करून टाकू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पोटगी मागण्याची सोय आहे. 'माझी देखभाल करशील' या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर परत मिळवण्याचीही सोय आहे. पण ती अट कागदावर लिहिलेली हवी. मुलांवर अविश्वास म्हणून हे करायचं नाही, घरातलं नातं पैशाच्या भांडणापासून लांब राहावं म्हणून करायचं. कोणावर अन्याय होत असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, संकोच करू नका.

*मग उत्तर काय?*

घरी ठेवा किंवा संकुलात ठेवा, गुरुमार्ग तुम्हाला जागा विचारत नाही. तो विचारतो, पुढे चालणारा खांदा कोणाचा आहे? संकुलात ठेवून रोज फोन करणारा, महिन्याला येऊन चार दिवस राहणारा मुलगा सेवेत आहे. घरी ठेवून तोंड न दाखवणारा सेवेत नाही. निर्णय मात्र आई-वडिलांना विचारून, त्यांना जागा दाखवून, आठ दिवस राहून बघू देऊन घ्या. त्यांच्या पाठीमागे घेतलेला निर्णय कितीही सोयीचा असला तरी तो सोडून दिल्यासारखाच लागतो.

आणि जे अजून धडधाकट आहेत त्या आपल्या काका-काकूंना सांगतो, आज तुम्ही कुंतीच्या जागी आहात. उद्या जागा बदलेल. आज खांदा द्याल, तर उद्या हात ठेवायला खांदा मागताना लाज वाटणार नाही.

*या आठवड्याचा नेम:* नामस्मरणाच्या एका माळेनंतर घरातल्या किंवा सोसायटीतल्या एका परावलंबी ज्येष्ठांजवळ अर्धा तास बसायचं. मोबाइल बाहेर ठेवून. आणि रविवारी जेवताना घरातल्या सगळ्यांनी एकच प्रश्न एकमेकांना विचारायचा: "मी अंथरुणाला खिळले, खिळलो, तर मला कुठे आणि कसं राहायला आवडेल?" मोठ्यांनी आधी बोलायचं, लहानांनी ऐकायचं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त! 🙏🌸

_आपल्या कौटुंबिक ग्रुपवर जरूर पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा._