पाणी शुद्ध, पण कोणासाठी?

बेंगळुरूच्या उत्तरेला असलेल्या देवनहळ्ळी तालुक्यात बारमाही नदी नाही. जवळच्या नंदी डोंगरात अर्कावती आणि दक्षिण पिनाकिनी उगम पावतात खऱ्या, पण या भागाची तहान पिढ्यानपिढ्या भागवली ती तलावांनी आणि विहिरींनी. आता ते काम खडकाच्या भेगांपर्यंत खोल गेलेल्या बोअरवेल करतात, आणि उपसा इतका झाला आहे की तालुक्याची गणना भूजलाच्या अतिउपशाच्या भागात होते. खडकात दीर्घकाळ राहिलेल्या अशा पाण्यात बहुधा क्षार जास्त असतात. म्हणून घरात मासे पाळणारा माणूस, विशेषतः डिस्कससारखे नाजूक मासे असतील तर, ते पाणी आरओच्या यंत्रातून काढतो. यंत्र जवळजवळ सगळे विरघळलेले क्षार बाजूला करते. पण हे पाणी तो तसेच काचपेटीत ओतत नाही. त्यात मोजूनमापून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटचे क्षार पुन्हा मिसळतो आणि मगच मासे सोडतो. जे मेहनतीने काढले, त्यातलेच काही परत का घालावे लागते? हा प्रश्न रसायनशास्त्राचा वाटतो. पण शुद्धतेला धर्माच्या केंद्रस्थानी ठेवणाऱ्या समाजाने तो स्वतःलाही विचारायला हवा.

आधी शरीरशास्त्र काय सांगते ते पाहू. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त क्षार असतात. त्यामुळे कल्ल्यांवाटे पाणी सतत आत शिरते आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. मासा भरपूर पातळ मूत्र टाकून जास्तीचे पाणी काढतो आणि कल्ल्यांतल्या विशेष पेशींच्या साहाय्याने सोडियम व क्लोराइड पाण्यातून परत मिळवतो. पाण्यात कॅल्शियम असेल तर ही झिरप आटोक्यात राहते. पाणी पूर्ण क्षारहीन केले, तर परत मिळवण्यासारखे काही उरतच नाही आणि मासा हळूहळू स्वतःचेच क्षार गमावत जातो. शिवाय बायकार्बोनेट नसेल तर पाण्याचा सामू सांभाळला जात नाही, तो अचानक घसरू शकतो. जंतूंची गोष्टही अशीच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढायला महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर काचेसारखे नितळ दिसणारे पाणीच माशांना सर्वांत धोक्याचे असते. थोडक्यात, जे पाणी सर्वांत रिकामे आहे ते जगण्याला सर्वांत अपुरे आहे.

यावर जाणकार एक आक्षेप घेतील. ॲमेझॉन खोऱ्यातल्या रिओ नेग्रो नदीच्या पाण्यात क्षार इतके कमी आहेत की ते पावसाच्या पाण्याच्या जवळ जाते, आणि तरीही तिथे कार्डिनल टेट्रा थव्याथव्यांनी राहतो. मग रिकामे पाणी जीवनाला अपुरे कसे? पण ती नदी रिकामी नाही. कुजलेल्या पानांतून उतरलेल्या सेंद्रिय द्रव्यांनी तिचे पाणी चहासारखे गडद झालेले असते, आणि हीच द्रव्ये तिथल्या माशांच्या कल्ल्यांना अशा पाण्यात क्षार धरून ठेवायला मदत करतात. उलट आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना कठीण, अल्कधर्मी पाणी लागते. एकाचे योग्य पाणी दुसऱ्याला घातक ठरते. म्हणजे आक्षेपाने मूळ मुद्दा खोडला जात नाही, उलट अधिक नेमका होतो: शुद्धता हा पाण्याचा एकट्याचा गुण नाही. पाणी आणि त्यात राहणारा जीव यांच्यातला तो संबंध आहे.

आपल्या धार्मिक व्यवहारात मात्र शुद्धतेची रूढ कल्पना नेमकी उलटी आहे. सोवळ्याच्या आचारात शुद्ध म्हणजे ज्याला इतर कशाचा स्पर्श झाला नाही ते. काय वगळले यावर शुद्धता मोजली जाते, ती कोणाला जगवते हे विचारले जात नाही. या कल्पनेचे टोक महाराष्ट्राने महाडला पाहिले. मुंबई विधिमंडळाने 1923 साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मंजूर केला आणि महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळ्याची ‘शुद्धी’ केली: 108 घागरींतून दही, दूध, शेण आणि गोमूत्र मंत्रोच्चारांसह पाण्यात सोडण्यात आले. काचपेटीत खाद्याचा एक कण जास्त पडला तरी अमोनिया वाढतो म्हणून काळजी करणाऱ्या कोणालाही कळेल की, माणसांनी ओंजळीने पाणी प्यायल्याने त्या तळ्याचे काहीच बिघडले नव्हते. भार टाकला तो शुद्धीच्या विधीने. तळ्यावरचा सर्वांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात पक्का व्हायला 17 मार्च 1937 उजाडावा लागला. वगळण्यालाच शुद्धता मानले की ती पाण्यापासून तुटते आणि माणसांवरच्या सत्तेचे साधन बनते. महाडने दिलेला हा धडा आजही जुना झालेला नाही.

पण आपल्या परंपरेत शुद्धतेची दुसरी, अधिक जबाबदार कल्पनाही आहे, आणि ती जैनांच्या पाणी गाळण्याच्या आचारात दिसते. पाणी जाड कापडातून गाळून घ्यायचे हे अनेकांना ठाऊक असते. त्यानंतर काय करायचे ते कमी जणांना माहीत असते. कापडावर अडकलेले सूक्ष्म जीव सांभाळून पुन्हा त्याच पाणवठ्यात सोडायचे. याला जिवाणी म्हणतात. इथे गाळणाऱ्याची जबाबदारी पाणी स्वच्छ झाल्यावर संपत नाही. जे बाजूला केले त्याचे काय झाले, हा हिशेबही शुद्धीचाच भाग ठरतो. या निकषावर आपले घरगुती आरओ पाहा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे अशी यंत्रे अनेकदा तीन लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतात, आणि पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार त्या टाकाऊ पाण्यात गोळा झालेले असतात. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने, पाण्यात विरघळलेले घटक लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी घालावी, असे निर्देश दिले ते या अपव्ययामुळेही. भूजल आटत चाललेल्या देवनहळ्ळीसारख्या तालुक्यात ते पाणी गटारात सोडून मिळवलेली शुद्धता अर्धीच आहे. मासे पाळणाऱ्याने निदान फरशी पुसायला ते वापरावे, झेपेल त्या झाडांना घालावे आणि शक्य तिथे पावसाचे पाणी साठवून यंत्रावरचे अवलंबन कमी करावे.

बाजूला टाकलेल्या पाण्याचे काय करायचे, हाच प्रश्न देवनहळ्ळीपुढे आज मोठ्या प्रमाणावर उभा आहे. बेंगळुरूच्या हेब्बाळ-नागवार खोऱ्यातले सांडपाणी प्रक्रिया करून या भागातल्या आणि चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या तलावांत सोडले जाते, म्हणजे ते जमिनीत मुरून भूजल वाढेल. देवनहळ्ळी गावातल्या सिहिनीरु तलावाकाठी जुनी विहीर साफ करून, तिथले पाणी पुन्हा शुद्ध करून गावाला पुरवण्याचा प्रयोगही झाला आहे. ‘गटाराचे पाणी कितीही गाळले तरी गटाराचेच’ अशी यावरची सहज प्रतिक्रिया असते. ही प्रतिक्रिया पाण्याचे कूळ पाहते, पाणी पाहत नाही. पृथ्वीवरचे कोणते पाणी कधीच कोणाच्या शरीरातून गेले नाही? मात्र कूळ पाहू नये याचा अर्थ काहीच पाहू नये, असा होत नाही. या योजनांत प्रक्रिया दुसऱ्या टप्प्यावरच थांबते, तिसरा टप्पाही हवा, अशी मागणी तिथले शेतकरी आणि कार्यकर्ते करत आले आहेत, आणि ती रास्त आहे. जड धातू, औषधांचे अंश आणि जास्तीचे नायट्रेट मंत्राने जात नाहीत, तसे ते सरकारी घोषणेनेही जात नाहीत. पाणी सतत तपासले पाहिजे आणि तपासणीचे आकडे ते पिणाऱ्यांसमोर ठेवले पाहिजेत.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. धार्मिक शुद्धता आंतरिक असते, मनाची असते. तिला माशांच्या पाण्याचे नियम लावणे हा प्रकारभेदाचा घोटाळा आहे, असे कोणी म्हणेल. आंतरिक शुद्धता वेगळी आहे हे मान्य. पण तिलाही प्रश्न तोच विचारता येतो. कामना, संग, स्पर्श सगळे वजा करून उरलेले मन जर शेजाऱ्याला सामावून घेऊ शकत नसेल, तर त्या मनाची शुद्धी कोणाच्या कामाची? निर्गुणाचा ध्यास घेणाऱ्या आपल्या संतांनी सगुण सोडले नाही, विठ्ठलाला विटेवर उभे ठेवले, याचे एक कारण मला इथे दिसते: केवळ नकारातून गाठलेल्या तत्त्वात राहायला जागा नसते, आणि भक्ताला तर राहायचे असते. वैराग्याला अर्थ आहे, जसा आरओला आहे. घातक ते काढलेच पाहिजे. पण काढणे ही तयारी झाली. साध्य आहे ते कोणाला तरी तिथे जगता येणे. म्हणून पाण्याला, मंदिराला, मनाला किंवा समाजाला जो शुद्ध म्हणतो, त्याने दोन प्रश्नांची उत्तरे द्यायला हवीत: इथे कोण जगू शकेल, आणि शुद्धीसाठी जे बाजूला काढले ते कोणाच्या दारात गेले? ही उत्तरे देता येत नसतील, तर त्या शुद्धतेवर पुन्हा काम करण्याची गरज आहे.