विम्बल्डनचं गवत आणि लातूरची संध्याकाळ

जूनअखेरीस विम्बल्डनचे सामने सुरू होतात, तेव्हा नांदेड-लातूरकडे सोयाबीनची पेरणी चालू असते, नाहीतर पावसाने ओढ दिलेली असते. टीव्हीवरचं ते हिरवंगार मैदान बघून कुणीतरी म्हणतंच, ‘त्यांच्याकडे पाऊस भरपूर.’ हे खरं नाही. लंडनला वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो; लातूरची सरासरी त्याहून जास्त आहे. पण तिथे तो बारा महिने थोडाथोडा येतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत कोसळून मोकळा होतो. उन्हाळ्यात काळ्या रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात.

विम्बल्डन १८७७पासून गवतावर खेळलं जातं. राय जातीचं ते गवत स्पर्धेच्या काळात ८ मिलिमीटर उंचीवर ठेवतात आणि स्पर्धा संपली की खरवडून नव्याने पेरतात. दोन आठवड्यांच्या खेळासाठी वर्षभर राबायचं, ही निष्ठा मला मोठी वाटते. तरीही टेनिसला गवत लागतंच असं नाही. अमेरिकन स्पर्धेने १९७४नंतर गवत सोडलं, ऑस्ट्रेलियनने १९८८मध्ये. पॅरिसमध्ये तर विटांच्या भुकटीवर खेळतात.

आपल्याकडे गवताचा हट्ट धरूही नये. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, त्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. त्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. तो निकाल मला तेव्हा योग्य वाटला आणि आजही वाटतो. माणसं घागरी घेऊन रांगेत असताना मैदानाला पाणी पाजता येत नाही.

पण म्हणून इथल्या मुलांनी टेनिस खेळूच नये, असं होत नाही. मुरूम पसरून, रोलर फिरवून, वर हलकं पाणी शिंपडलं की चांगलं कोर्ट होतं. मुरूम आपल्याकडे आहे. मुलांकडे नाही ती संध्याकाळ.

कसून अभ्यास करून घेण्याच्या ‘लातूर पॅटर्न’ने इथल्या अनेक घरांना डॉक्टर-इंजिनिअर दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. नांदेडही त्याच वाटेने गेलं. पण त्यासाठी चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचा दिवस शाळा-कॉलेज, क्लास आणि अभ्यासिका यांत पुरता वाटला गेला. खेळाने अभ्यास बुडतो, असं आईबाप मनापासून मानतात. त्यांना मी लीला राव यांच्या घराची गोष्ट सांगतो. १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ही पहिली भारतीय स्त्री. तिची आई क्षमाबाई राव म्हणजे तुकाराम आणि रामदासांची चरित्रं संस्कृत पद्यात लिहिणारी पंडिता, आणि स्वतः टेनिस खेळणारी. लेकीनेही पुढे संस्कृतात नाटकं लिहिली. एकाच घरात पोथी आणि रॅकेट, दोन्हींना जागा होती, आणि तीही नव्वद वर्षांपूर्वी, मुलींसाठी! घर खातंपितं होतं हे खरं, पण वेळेची वाटणी पैशावर ठरत नाही.

पुण्याचा नितीन कीर्तने १९९२मध्ये महेश भूपतीबरोबर विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत अंतिम सामन्यापर्यंत गेला. २०२२मध्ये विम्बल्डनने चौदा वर्षांखालच्यांची स्पर्धा सुरू केली, आणि कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव त्या पहिल्याच वर्षी तिथे खेळली. ज्या वयात आपण मुलांना क्लासच्या प्रवेशपरीक्षेला बसवतो, तेच हे वय.

इथलं प्रत्येक पोर विम्बल्डनला जावं असं माझं म्हणणं नाही. क्लास चालवणाऱ्यांनी पाच ते सात या वेळेत वर्ग ठेवू नयेत. नांदेड आणि लातूरच्या महापालिकांनी वॉर्डावॉर्डांत मुरमाचं एक मैदान राखावं. आणि आईबापांनी आजच्या संध्याकाळी पोराच्या हातातलं पुस्तक दोन तास आपल्याकडे ठेवून घ्यावं.