एकाच कुशीतील निराळी लेकरे

वाचकहो, एकाच आईच्या कुशीत जन्मलेली, एकाच दस्तरखानावर वाढलेली भावंडे रूपाने व स्वभावाने निराळी का असतात? माणसाला आईकडून २३ आणि वडिलांकडून २३ गुणसूत्रे लाभतात. प्रत्येक जोडीतील कोणते अपत्याच्या वाट्याला येईल, हे दर वेळी नव्याने ठरते. केवळ एवढ्यानेच एका पालकाकडून ८३ लाखांहून अधिक जुळण्या संभवतात. एकरूप जुळ्यांच्या बोटांचे ठसेदेखील सारखे नसतात.

दिव्य कुरआनच्या सूरह रूममध्ये भाषा व वर्णांच्या भिन्नतेला अल्लाहची निशाणी म्हटले आहे. मग 'भावाला जमते, तुला का नाही?' असे लेकराला सुनावताना आपण नेमका कोणाच्या रचनेत दोष काढतो?

नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकट्या त्यांनाच भेट देऊ केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) साक्षीदार होण्यास नकार दिला आणि संततीत न्याय करण्यास फर्माविले. जो न्याय देणगीला, तो मायेच्या शब्दांना का नसावा? लेकराची चूक अवश्य दाखवावी. परंतु त्याला भावंडाच्या मापाने मोजू नये. अल्लाहपाशी श्रेष्ठत्वाची कसोटी ईशभय हीच आहे, आणि त्या वाटेवर प्रत्येक जण आपापल्या पावलांनीच चालतो.