खंडणी देणाऱ्याचा गुन्हा

२० फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आठ टोळ्यांना परदेशी दहशतवादी संघटना म्हणून जाहीर केलं. त्यात मेक्सिकोतल्या सहा होत्या, सिनालोआ आणि हालिस्को या सगळ्यांत बलाढ्य. शिवाय व्हेनेझुएलाची त्रेन दे अराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये फोफावलेली एमएस-१३. या निर्णयावर दोघांचं बोलणं इथे मांडतो आहे. मामा मुंबई पोलिसांतून निवृत्त झालेले, नव्वदच्या दशकात खंडणीची प्रकरणं हाताळलेले. भाची टेक्सासमध्ये वकील आहे, आश्रय मागणाऱ्यांचे खटले लढवते. दोघंही कल्पित आहेत. त्यांच्या तोंडी आलेल्या घटना मात्र घडलेल्या आहेत.

मामा : तुझा विरोध मला कळत नाही. मॉन्टेरेचा कसिनो आठव. ऑगस्ट २०११. झेटा टोळीची माणसं भर दुपारी आत शिरली, पेट्रोल ओतून आग लावली. ५२ माणसं गेली. कारण काय, तर खंडणी. याला दहशत नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

भाची : म्हणा ना. मी अडवत नाही.

मामा : मग? २०१९ च्या नोव्हेंबरात सोनोरात लेबारॉन कुटुंबाच्या गाड्यांवर गोळीबार झाला. तीन बायका, सहा मुलं. त्यांच्या नातेवाइकांनीच व्हाइट हाउसकडे मागणी केली होती की या टोळ्यांना दहशतवादी ठरवा. तेव्हा ट्रम्प तयारही झाले आणि मेक्सिकोच्या अध्यक्षांच्या विनंतीवरून थांबले. ज्यांची लेकरं गाडीत मारली गेली त्यांना कायद्याच्या बारकाव्यात रस नसतो गं. आपल्यावर जे झालं ते साधी गुन्हेगारी नव्हती, हे कुणीतरी अधिकाराने म्हणावं एवढंच त्यांना हवं असतं.

भाची : त्या मागणीपुढे मी नम्र आहे, मामा. पण या घोषणेने मारेकऱ्याचं नेमकं काय वाकडं होतं ते बघू. अमली पदार्थांच्या मोठ्या व्यापाऱ्यांची मालमत्ता गोठवण्याचा कायदा अमेरिकेत १९९९ पासून आहे. सिनालोआच्या एल चापोला २०१९ मध्ये जन्मठेप झाली, ती या घोषणेशिवायच. टोळीच्या गाभ्यातल्या माणसाला कडक शिक्षा द्यायची सोय आधीच होती. नवं जे येतं ते कडेच्या माणसांसाठी. १९९६ च्या कायद्याखाली अशा संघटनेला साहाय्य करणं हाच गुन्हा. वीस वर्षं, आणि त्यातून कुणाचा जीव गेला तर जन्मठेप.

मामा : मग बरोबर आहे! टोळी कडेच्या माणसांवरच जगते. आम्ही नेमबाज पकडायचो, महिन्याभरात दुसरा उभा राहायचा. हिशेब ठेवणारा, हवालावाला, गाडी देणारा, घर भाड्याने देणारा, यांना कधी हात लागत नसे. म्हणून तर १९९९ मध्ये आपल्याकडे मकोका आला.

भाची : हवालावाल्याला धरा, बँकेला धरा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण मिचोआकानमधल्या आपात्सिंगानचा लिंबू बागायतदारही त्याच कडेला आहे. तिथे किलोमागे वसुली होते. ऑगस्ट २०२४ मध्ये वैतागून पॅकिंगवाल्यांनी कामच बंद ठेवलं होतं. खंडणी घेणाऱ्या टोळ्यांपैकी एक आता यादीत आहे. म्हणजे बागायतदार दर आठवड्याला ज्यांना पैसे देतो, ती दहशतवादी संघटना झाली. मग हा कोण झाला?

मामा : त्याच्यावर कोणी खटला भरणार नाही. सरकारी वकिलालाही अक्कल असते.

भाची : खटला नाहीच भरणार. तो जेव्हा बायकोमुलांना घेऊन सीमेवर येईल तेव्हा कळेल. आश्रयाच्या कायद्यात, दहशतवाद्यांना साहाय्य केलेल्याला दार बंद आहे. आणि ते साहाय्य जिवाच्या भीतीने केलं होतं, असं सांगून ते उघडत नाही. १९९० मध्ये एल साल्वादोरमध्ये गनिमांनी एका बाईला पळवून नेलं, तिच्या डोळ्यांसमोर तिच्या नवऱ्याला मारलं आणि तिच्याकडून स्वयंपाक, झाडलोट, धुणं करून घेतलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाने ठरवलं की तो स्वयंपाक आणि ते धुणं म्हणजे साहाय्य.

मामा : (बराच वेळ गप्प) एकमताने?

भाची : नाही. पण निकाल बहुमताचा असतो. सरकारला वाटलं तर सूट देता येते, ही वाट आहे. मात्र ती सूट हक्काने मागता येत नाही. अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. कायद्याला हेतू कळत नाही अशी तक्रार आपण नेहमी करतो, पण फौजदारी कायदा हेतूवरच उभा आहे. गळ्यावर सुरा ठेवून सही घेतली तर ती सही धरत नाहीत, हे कोणत्याही जुन्या न्यायपरंपरेला ठाऊक आहे. या एका कोपऱ्यात मात्र ती जाण मुद्दाम बाजूला ठेवली आहे, आणि मला ते लाजिरवाणं वाटतं. मामांची हरकत तरीही खरी आहे, आणि ती त्यांनी लगेच मांडली.

मामा : पण मग भीतीचं नाव कोण सांगणार नाही? चिकिटा आठवते? केळ्यांची कंपनी. कोलंबियात एयूसी या निमलष्करी संघटनेच्या मारेकऱ्यांना १९९७ ते २००४ मध्ये सतरा लाख डॉलरहून जास्त दिले. एयूसी सप्टेंबर २००१ मध्ये यादीत आली, तरी पैसे चालूच. २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, अडीच कोटी डॉलर दंड भरला. तेव्हा त्यांचंही म्हणणं हेच होतं : आमच्या कामगारांच्या जिवासाठी दिले. त्याच पैशातून बंदुका आल्या आणि गावकरी मेले. २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या ज्यूरीने आठ मृतांच्या कुटुंबीयांना ३ कोटी ८३ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. तू म्हणतेस ती पळवाट ठेवली असती तर चिकिटाही त्यातून निघून गेली असती.

भाची : म्हणून मी विचारते की निघून जायची सोय कुणाला होती. चिकिटाला कोलंबिया सोडता येत होता. वकील होते, वॉशिंग्टनला फोन करता येत होता. ते थांबले, कारण केळ्यांत नफा होता. बागायतदाराने झाड उपटून न्यायचं कुठे?

मामा : आणि मधले? पॅकिंगवाला, ट्रकवाला, ज्याची दोन घरं आहेत असा? पुढे किती पायऱ्या मोजशील? माझ्यासमोर बिल्डर बसायचे. पैसे होते, दुबईला जाऊ शकत होते. पण म्हणायचे, साहेब, मुलं शाळेत जातात. ऑगस्ट १९९७ मध्ये गुलशन कुमारना देवळाबाहेर मारलं, त्यानंतर तर कुणी तक्रार द्यायलाच धजेना. मी त्यांना सांगायचो, तक्रार द्या, मी बंदोबस्त देतो.

भाची : यातच सगळं आहे, मामा. तुम्ही म्हणू शकत होतात. ज्या सरकारच्या कायद्याने त्यांना धरता आलं असतं, त्याच सरकारचा बंदोबस्त तुम्ही देत होतात. मेक्सिकोच्या बागायतदाराला रक्षण द्यायचं ते मेक्सिकोने, आणि शिक्षा करणार अमेरिका. अमेरिका त्याला म्हणते, देऊ नकोस. पण न दिल्यावर जे दारात येतील त्यांना थोपवायला अमेरिका तिथे नसते. ज्याने वाचवण्याची जबाबदारी घेतली नाही, त्याला शौर्याची अपेक्षा करण्याचा हक्क कुठून आला?

मामा : मेक्सिकोचं संरक्षण म्हणतेस, तर तेही...

भाची : आपात्सिंगानच्या लिंबू बागायतदारांचे नेते बेर्नार्दो ब्राव्हो खंडणीविरुद्ध उघड बोलत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना मारलं. पुढच्याच महिन्याच्या एक तारखेला उरुआपानचे महापौर कार्लोस मान्सो यांना, सुरक्षारक्षक असताना, मृतांच्या सणाला भर चौकात. जे नाही म्हणाले त्यांचं असं झालं. आता मला सांगा, जो हो म्हणाला त्याला मी काय विचारू?

मामा : (हळू) काही नाही.

मामांनी इथे बाजू सोडली असं मात्र नाही. त्यांचा मुद्दा वेगळ्या अंगाने परत आला.

मामा : पण तुझ्या न्यायाने हळूहळू सगळं गाव खंडणी देतं आणि कुणीच जबाबदार राहत नाही. भीती सवयीची होते. मुंबईत मी तेच पाहिलं. काही जण भीतीने देत, काही जण पुढे त्याच भाईकडून प्रतिस्पर्ध्याला दम द्यायला लागले. सुरुवात दोघांची सारखीच होती.

भाची : म्हणूनच कोणी का दिले हे विचारायला हवं. आजच्या कायद्यात विचारायची गरजच नाही, माझं भांडण एवढंच आहे. आणि ज्यांना गाव सोडवायचं आहे त्यांचेही हात बांधले जातात. मेक्सिकोतल्या ग्वेरेरोत चार बिशप टोळीप्रमुखांना भेटले, मारामारी थांबवा म्हणून. २०२४ ची गोष्ट. हरवलेल्यांना शोधणाऱ्या आया कधी कधी थेट टोळ्यांना जाहीर विनंती करतात, आम्हाला खोदू द्या. मेक्सिकोत बेपत्ता लोकांची नोंद एक लाखाच्या वर आहे. आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की यादीतल्या संघटनेला शांततेने तंटा मिटवायचं प्रशिक्षण देणं हेसुद्धा साहाय्य ठरू शकतं. कोलंबियात एफएआरसी या बंडखोर संघटनेशी २०१६ ला शांतता करार झाला, पण ती २०२१ पर्यंत यादीतच. शस्त्र टाकलेल्या माजी बंडखोरांसाठीच्या कामात अमेरिकन अधिकाऱ्यांना हात घालता येत नव्हता.

मामा : आणि अमेरिकेने उडवलेल्या त्या होड्या?

भाची : २ सप्टेंबर २०२५ ला कॅरिबियनमधल्या एका होडीवर अमेरिकी लष्कराने हल्ला केला, ११ माणसं मेली. पुढे असे अनेक हल्ले. यादीत नाव घातल्याने कायद्याने लष्करी बळाची परवानगी मिळत नाही. पण एकदा दहशतवादी म्हटलं की होडीत कोण होतं हे विचारणारे कमी उरतात.

मामा : त्यावर मला शिकवू नकोस. चकमकींचे दिवस मी पाहिलेत. लोक टाळ्या वाजवायचे, हार घालायचे. २००६ च्या लखनभैया चकमकीत शेवटी पोलिसांनाच जन्मठेप झाली. मेलेला गुन्हेगार होता की नाही हा प्रश्न नव्हताच. तो ठरवायचा अधिकार गोळी घालणाऱ्याला नव्हता.

भाची : मग नाव मागे घ्यायचं ना?

मामा : नाही. लेबारॉनच्या माणसांना मी काय सांगू? नाव राहू दे. पण त्या कायद्यात स्पष्ट लिहा की जिवाच्या धाकाने दिलेलं धरणार नाही, आणि देणाऱ्याला निघायची वाट होती हे सरकारने सिद्ध करावं. चिकिटाच्या बाबतीत ते सिद्ध करणं अवघड नव्हतं.

भाची : तेवढं लिहिलं तर मी उद्या सही करेन. पण लिहीत कोणी नाही, आणि यादी वाढते आहे. गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक बाई आली. तिचं टपरीवजा दुकान होतं. दर शुक्रवारी पैसे द्यायची. तिने विचारलं, फॉर्मवर हे लिहू का?

मामा : तू काय सांगितलंस?

भाची : खरं लिही म्हटलं. दुसरं काय सांगणार? मग ती म्हणाली, खरं लिहिलं तर परत पाठवतील, नाही लिहिलं तर मी पळाले कशाला ते कसं सांगू.

मामा : तारीख कधी आहे?

भाची : मार्चमध्ये.