मीटर नसलेला आजार

लहान मुलाला मनाच्या आजारासाठी गोळी सुरू करायची म्हटलं की आईबाप कचरतात, आणि मग डॉक्टर बहुधा एक प्रश्न विचारतात. "याला डायबेटिस असता तर इन्सुलिन दिलं असतंत ना?" माझ्या भावाला आणि वहिनीलाही हेच विचारलं गेलं. मुलगा नऊ वर्षांचा. काही आठवडे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायचा, एका दमात बोलत सुटायचा, सोसायटीच्या गच्चीच्या कठड्यावर चढायचा. मग एकदम मिटायचा, आंघोळीलाही उठायचा नाही. इन्सुलिनच्या प्रश्नाला 'नाही' म्हणताच येत नाही. भावानं मान हलवली, गोळी सुरू झाली.

प्रश्न चांगल्या मनानं विचारलेला असतो. आपण लाडावून ठेवला, हातात मोबाइल दिला, दोघंही नोकरीला जातो, असं जे जे आईबापांच्या मनात आणि नातेवाइकांच्या तोंडात असतं, त्यातलं निम्मं ओझं त्यानं उतरतं. पण ही तुलना एका जागी तुटते. साखर मोजता येते. बोटाला सुई टोचली की आकडा येतो, आणि तो शंका घेणाऱ्या आजीलाही दाखवता येतो. मूडला मीटर नाही.

उन्मादावर देतात त्या लिथियमची तर रक्तचाचणी असते की, असं कुणी म्हणेल. असते. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं 1949 साली हे औषध उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हापासून ते टिकून आहे, आणि अमेरिकेत आता सात वर्षांच्या मुलांपर्यंत त्याला मान्यता आहे. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर थोडं. रक्तात लिटरमागे साधारण 0.6 ते 1.2 मिलिमोल चालतं, दीडच्या पुढे धोका सुरू होतो. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी देण्याआधी रक्त काढतात. जुलाब-उलट्या झाल्या, मे महिन्यात पोरगं उन्हात खेळून पाणी न पिता आलं, की पातळी चढते. तापासाठी घरात ठेवलेल्या सिरपमध्ये आयबुप्रोफेन असेल तरीही चढते. लिथियम घेणाऱ्या मुलाच्या घरी हे फ्रिजवर लिहून लावलेलं असावं. पण ही चाचणी रक्तातलं औषध मोजते. मूल कसं आहे, ते तिच्यातून कळत नाही.

ते कळायला घरचीच माणसं. तपासणीच्या वेळी डॉक्टर विचारतात झोप किती, भूक कशी, शाळेतून काही आलं का, आणि उत्तरं वहिनीच्या वहीतून येतात. बहुतेक घरांत ही वही आईचीच असते. बाप मुलाला रात्री आठनंतर पाहतो, तेव्हा दिवस बऱ्यापैकी निवलेला असतो, आणि मग 'मला तर ठीक वाटतोय' यावरून भांडणं होतात.

हे पाहणं हा उपचाराचाच भाग आहे, आईची हळवी सवय नव्हे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 24 चाचण्यांमधल्या चार हजारांवर मुलांची माहिती एकत्र केली. नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं सुमारे 4 टक्क्यांत दिसलं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 2 टक्क्यांत. आत्महत्या एकाही मुलानं केली नव्हती. तरी ऑक्टोबर 2004 मध्ये या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायचं ठरलं. त्याचा अर्थ 'देऊ नका' असा नाही. पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलला की मुलावरची नजर काढू नका, हा त्याचा अर्थ. याच गोळ्या बायपोलरकडे, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या आजाराकडे, झुकणाऱ्या मुलाला उलट उन्मादाकडे ढकलू शकतात, ते वेगळंच.

मात्र पाहणारेही चुकतात, कधी अख्खा देश चुकतो. अमेरिकेत 1994-95 मध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यात बायपोलर म्हणून नोंदल्या गेलेल्या मुलांच्या भेटी लाखामागे 25 होत्या. 2002-03 मध्ये त्या 1003 झाल्या, चाळीस पट. आठ वर्षांत मुलांचे मेंदू इतके बदलत नसतात. कायम चिडलेल्या, आदळआपट करणाऱ्या मुलांनाही तेच नाव चिकटत होतं. शेवटी 2013 साली तिथल्या मानसोपचाराच्या निदानग्रंथात अशा मुलांसाठी वेगळा आजार घालावा लागला. आपल्याकडे चूक उलट्या दिशेची. हट्टी आहे, नजर लागली, मीठ-मोहरी ओवाळा, मोठा झाला की सुधारेल. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाची 7.3 टक्के मुलं आजारी आढळली. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आणि तेराच्या खालचं मूल तर मोजलंच नव्हतं. म्हणजे माझा भाचा त्यात दोनदा बसत नाही.

आता या पाहण्याच्या किमतीबद्दल. गोळी सुरू झाल्यावर तो जरा जास्त हसला की वहिनी भावाकडे बघायची. ते बघणं मुलाला कळतं. साधं रागावणंही मग त्याच्या हातात राहत नाही, त्याचं लक्षण होतं. मला वाटतं, झोप, जेवण, शाळा आणि जिवाला धोका यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी, आणि बाकीचं पुष्कळ न टिपता सोडावं. आउट दिल्यावर बॅट फेकणारी पोरं प्रत्येक मैदानात असतात. हे म्हणणं सोपं आहे, कारण मी आत्या आहे, रात्री माझ्या घरी जाते. दिवाळीत तर काहीच धड कळत नाही. त्या चार दिवसांत महाराष्ट्रातलं कुठलं मूल वेळेवर झोपतं? आणि बायपोलर आजारात मोडलेली झोप हेच मोठं निमित्त ठरू शकतं. किल्ला हवा तेवढा करू दिला, पण झोप दहाच्या आत आणि अभ्यंगस्नान सकाळी सातला, असं त्यांनी ठरवलं. सूर्योदयाआधी न्हायलं नाही तर नरकात जातात, असं आजी म्हणाली. "सगळे एकदम जाऊ," भाऊ म्हणाला.

गोळीला 'व्हिटॅमिन' म्हणायचा मोह बऱ्याच घरांत होतो. कारण बहुतेक वेळा मूल नसतं, शेजारी असतात, किंवा मुलगी असेल तर पंधरा वर्षांनंतरचं तिचं लग्न. खोटं बोलणं वाईट, हा मुद्दा तूर्त सोडून देऊ. मीटर नाही म्हणताना एक राहिलं होतं. तोंड कोरडं पडतंय, हात थरथरतोय, वर्गात डोळे मिटतायत, हे आतून फक्त त्या मुलालाच कळतं. व्हिटॅमिननं हात थरथरत नाही हे त्याला ठाऊक असतं, म्हणून ते बोलतच नाही. भांडणात 'आज गोळी नाही घेतलीस वाटतं' असं ऐकलं, तरीही ते बोलायचं बंद होतं. माझ्या मते या वाक्याला घरात बंदीच हवी.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अठराच्या आतल्यांचं प्रतिनिधित्व कायदेशीर पालकाकडे देतो. नऊ वर्षांच्या मुलानं औषधाचे निर्णय घ्यावेत असं कुणीच म्हणणार नाही. औषध किती दिवस चालणार, कशावरून कमी करायचं, हे पालकांनी पहिल्याच भेटीत विचारावं, आणि मनानं एकदम बंद कधीच करू नये. पण त्या वहीत मुलालाही एक रकाना द्यायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. भाच्याला तो मिळाला. मंगळवारी त्याच्या रकान्यात 'मस्त' होतं, वहिनीच्या रकान्यात 'चिडचिड, दोनदा दार आपटलं'. डॉक्टरांनी दोन्ही वाचलं आणि दाराबद्दल आधी त्याला विचारलं. एकदा वाऱ्यानं आपटलं, म्हणाला, एकदा मी. त्या भेटीत डोस बदलला नाही.