वाटेत थांबलेला प्रभू

शास्त्रपाठ : मार्क ५:२१-४३



याईर हा सभास्थानाचा अधिकारी. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारी होती आणि प्रभू त्याच्या घरी निघाला होता. वाटेत गर्दीतून एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवली. बारा वर्षे तिला रक्तस्राव होत होता. होते नव्हते ते वैद्यांवर खर्चून दुखणे वाढलेच होते. प्रभू तिथेच थांबला व आपणाला कोण शिवले याची चौकशी करू लागला. शिष्यांना ते विचित्र वाटले. याईराला काय वाटले असेल, हे शुभवर्तमान सांगत नाही.

माझी मावशी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जाई. अंगावरून जाते, हे तिने वर्षभर कोणाला सांगितले नाही. सांगायचे कोणाला, आणि हजेरी बुडवून जायचे कुठे? तिला मिरजेला नेले तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग फार पुढे गेला होता. पाटल्या त्याआधीच मोडल्या होत्या.

हा रोग हळूहळू वाढतो. वेळीच दिसला तर थांबवता येतो. श्रीमंत देशांनी तो पॅप चाचणीने पुष्कळ कमी केला. पण तिला प्रयोगशाळा लागते, तज्ज्ञ लागतात. मग गरीब बाईसाठी काय? हे कोणीतरी थांबून विचारावे लागते, आणि विचारायला पैसा लागतो. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ते विचारले. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना शिकवून तयार केले. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगर (शास्त्रात ज्याला आंब म्हटले आहे) लावले की बिघडलेला भाग पांढरा दिसतो, एवढीच ती तपासणी. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात बारा वर्षांनी दिसले की तपासणी झालेल्यांत या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. खर्च अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिला. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा असाच अभ्यास झाला. एकदाच केलेल्या विषाणूच्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ साली प्रसिद्ध झाले.

एक गोष्ट झाकून ठेवू नये. तुलनेसाठी दोन्हीकडे हजारो स्त्रियांची तपासणी केली नव्हती, आणि त्यांतल्या काही या रोगाने मेल्या. पुढे त्यावर टीका झाली. मला ती रास्त वाटते. त्या बहिणींचे ऋण आपल्यावर आहे, आणि ते फिटलेले नाही : २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत, ही तपासणी कधीतरी झालेल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रिया देशात शंभरात दोनही भरल्या नाहीत.

मिरजेचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले ते परदेशच्या विश्वासणाऱ्यांच्या दानावर. आपणही खाट द्यायला शिकलो. संशोधनाला दान द्यायला मात्र शिकलो नाही. खाटेवर देणाऱ्याच्या नावाची पाटी लागते, प्रश्नावर लागत नाही. निपाणी, चिकोडी, बेळगावकडच्या मंडळ्यांनी कापणीच्या सणाच्या अर्पणातला एक वाटा दरवर्षी खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी बाजूला काढावा, असे मी सुचवतो. आवाराची भिंत एक वर्ष थांबेल. याईरही थांबलाच होता.

मागल्या महिन्यात स्त्रियांच्या प्रार्थनासभेत मी हे बोललो. शेवटी एक विडी वळणारी बाई उठून म्हणाली, "भाऊ, ते व्हिनेगर आपल्या निपाणीत कधी येणार?" तिचा प्रश्न मी पंचांच्या सभेपुढे तसाच ठेवला आहे. उत्तर अजून आलेले नाही.