‘लागणे’चा कर्ता कोण?

बोरिवलीच्या पुलावर ‘चर्चगेट फास्ट कुठे लागलीय?’ असं विचारलं, की उत्तर फलाटाच्या आकड्यात मिळतं. मग अंधेरी कधी लागेल याचा हिशेब. गर्दीत कोणाचं कोपर लागतं, खिडकीशी टेकलेल्याचा डोळा लागतो, दारात उभ्या असलेल्याचा फोन लागत नाही. एवढ्याशा प्रवासाला इंग्रजीत पाच वेगळी क्रियापदं लागतील.

मोल्सवर्थने कँडी बंधूंच्या साथीने 1831मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. 1857मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. कोशकाराला एका शब्दापुढे अर्थांची रांग लावता येते. अनुवादकाला त्यातला एकच उचलावा लागतो. पण ‘लागणे’ची खरी अडचण अर्थांच्या गर्दीत नाहीच. संस्कृतातल्या ‘लग्’ म्हणजे चिकटणे, यातून हे सगळं आलं (‘लग्न’ही तिथलंच, आणि तेही आपल्याकडे ‘लागतं’च), एवढं कळलं की बरेचसे अर्थ उलगडतात.

उलगडत नाही तो कर्ता. ‘मला भूक लागली’ हे पुरुष म्हणाला तरी क्रियापद स्त्रीलिंगीच राहतं, कारण कर्ता भूक. माणूस नुसता ‘मला’. इंग्रजीत गेल्याबरोबर तो ‘आय’ होऊन वाक्याच्या पुढे बसतो. भुकेच्या बाबतीत फारसं बिघडत नाही. पण मुलाला नोकरी लागली म्हणून चाळीत पेढे वाटणारी आई ‘त्याने नोकरी मिळवली’ म्हणत नाही. तिच्या वाक्यात थोडं नशीब आहे, थोडी दृष्ट लागायची धास्तीही. ‘ही गॉट अ जॉब’मध्ये बातमी तेवढी पोचते.

स्पॅनिशचे अनुवादक याच खड्ड्यात पडतात. तिथेही ‘मे गुस्ता’ म्हणताना आवडणारी वस्तू कर्ता असते आणि माणूस ‘मला’; आपल्या ‘मला आवडतं’सारखंच. ‘एचार’ म्हणजे टाकणे, पण ‘एचार दे मेनोस’ म्हणजे एखाद्याची उणीव भासणे. वाक्प्रचार निदान परका दिसतो म्हणून अनुवादक सावध राहतो. ‘मे गुस्ता’चं ‘आय लाइक’ मात्र बिनबोभाट होऊन जातं. माझ्या मते नुकसान तिथेच जास्त.

घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्यांना यातलं काही समजावावं लागत नाही. त्यांच्याकडेही ‘मने भूख लागी’च. आणि मुंबईच्या हिंदीने तर ‘वाट लागली’चा अनुवाद करायचा खटाटोपच केला नाही. ‘वाट लग गई’ म्हणून ती तशीच उचलली.